कपाट जाईल अशी वाट

ज्या मनुष्याने आपल्या आयुष्याची तीस वर्षे इतरांची कपाटे जिन्यांवरून वर नेण्यात वेचली, त्यास उंचीचे भय असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनास शिवणार नाही. प्रस्तुत गोष्टीतील मुकादमाच्या स्वतःच्या मनासही ती शिवली नव्हती. घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत तो कामास होता. ज्या इमारतीत लिफ्ट लहान आणि कपाट मोठे, तेथे त्यालाच हटकून पाठवले जाई. कपाट लोखंडी असो, लाकडी असो, की आरसा लावलेले नाजूक असो, मुकादम ते सुखरूप वर पोचते करी आणि घाम पुसून एकच वाक्य बोले, "कुठं ठेवायचं?" त्या वाक्यात गड जिंकून आलेल्या सेनापतीचा विनय असे.

जड कपाट चढवण्याची एक ठरलेली रीत आहे व ती येथे सांगणे अगत्याचे आहे. या कामास दोन माणसे लागतात. वरच्या टोकाचा माणूस पाठमोरा चढतो, म्हणजे त्याचे तोंड सदैव खाली असते. खालच्या टोकाचा माणूस कपाटाला छाती व कपाळ टेकवून ते रेटत येतो. भार खालच्याच्या अंगावर, म्हणून मानही त्याचाच. मुकादम हा खालच्या टोकाचा स्वामी होता. वरच्या टोकाला त्याचा मेहुणा, अर्थात बायकोचा धाकटा भाऊ, असे. या जोडीने शहरातील असंख्य जिने पालथे घातले. परंतु सूक्ष्म विचार करता असे दिसून येईल, की त्यांपैकी एकाने जन्मभर केवळ कपाट पाहिले, आणि दुसऱ्याने केवळ मागे पडलेल्या पायऱ्या. पुढे काय आहे, हे दोघांपैकी कोणीही कधी पाहिलेले नव्हते.

ही गोष्ट उघडकीस येण्याचे काही कारणही नव्हते. ते कारण मुकादमाच्या बायकोने घरी आणले.

ती माउली जलतरण तलावावर नोकरीस होती. पोहायला येणाऱ्यांचे कपडे ज्या खणांत ठेवतात, त्या खणांच्या किल्ल्या देणे व परत घेणे हे तिचे काम. किल्ल्या रबराच्या कड्यांत ओवलेल्या असत, आणि लोकांच्या ओल्या मनगटांवरून ती कडी उतरवून घेता घेता तिच्या बोटांच्या टोकांना कायमच्या सुरकुत्या पडल्या होत्या. तिची खिडकी तळघरात, नेमकी हौदाच्या पोटाशी होती. वर कोणी उडी मारली की तिच्या डोक्यावरचे छत धप् असा आवाज करी. कित्येक वर्षे ती हे धप् ऐकत आली होती. त्यामुळे तिच्या अंतःकरणात एक साधीच इच्छा रुजली होती, ती ही, की जन्मात एकदा अशा ठिकाणी उभे राहावे, जिथे आपल्या डोक्यावर कोणीही उडी मारू शकणार नाही.

त्या वर्षी हौदाच्या फरशा उखडू लागल्या. पाणी काढून दुरुस्ती करायचे ठरले व सर्व नोकरवर्गास सक्तीची रजा मिळाली. तेव्हा पोहणे शिकवणारे मास्तर, जे स्वभावतः उत्साहाचे भांडार होते, त्यांनी एक छापील पत्रक आणून सर्वांसमोर फडकावले. आफ्रिका खंडातील एका अत्युच्च पर्वताचे ते पत्रक होते. पर्वताच्या माथ्यावर बर्फ होते आणि पायथ्याशी हसणारी माणसे होती. "याला दोर नको, खिळे नकोत," मास्तर म्हणाले, "नुसतं चालत जायचं. ज्याला पाय आहेत तो पोचेल."

बायको घरी आली ती पत्रक पदराखाली घेऊनच.

"अहो, जायचं का?" तिने विचारले.

"तू जा की," मुकादम बेसावधपणे म्हणाला.

"तुम्ही असाल तरच जाणार. तुम्हाला इथं टाकून मी तिथं काय करू? वर पोचल्यावर 'बघा, बघा' म्हणायला कोण आहे मला?"

मुकादमाने तत्काळ होकार दिला. लग्नानंतर या स्त्रीने त्याच्याकडे मागितलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या, आणि त्यांपैकी एकही त्याच्या हातून नीटपणे पुरी झालेली नव्हती, याची त्यास जाणीव होती. शिवाय चढणे हा तर त्याचा पोटापाण्याचा धंदा.

पहिली सभा कपडे बदलण्याच्या खोलीत भरली. बाकांवर तिकीट खिडकीवाल्या बाई, पाण्यात औषध टाकणारे काका, टॉवेल धुणाऱ्या मावशी, अशी सारी मंडळी आपापल्या घरच्यांसह बसली होती. मास्तरांनी नकाशा खणांच्या दारावर चिकटवला व पर्वतावर जाण्याच्या तीन वाटा समजावून सांगितल्या. पहिल्या वाटेवर मुक्कामाला लाकडी खोल्या असून, ज्या वाटेने चढायचे तिनेच उतरायचे असते. दुसरी खडी आहे, आणि तिच्यावर एके ठिकाणी दगडाची भिंत हातांनी धरून चढावी लागते. तिसरी पर्वताला मागून लांब वळसा घालते. वर हवा विरळ होत जाते, त्या हवेची शरीरास सवय होण्यास या वाटेवर अवधी मिळतो, म्हणून जाणती माणसे तिची शिफारस करतात.

"आता यातली कुठली घ्यायची, हे ठरवणारा मी कोण?" मास्तर नाट्यपूर्ण स्वरात म्हणाले. "माझं आयुष्य आडवं गेलं, पाण्यात! उभं चढण्याचा अधिकार आपल्यात एकाच माणसाला आहे. मुकादम, वाट तुम्ही निवडायची."

"मास्तर, मी डोंगर कधी चढलो नाही हो."

"डोंगर म्हणजे काय? कठडा नसलेला जिना!"

लोक टाळ्या वाजवू लागले. हरभऱ्याच्या झाडावर चढताना मनुष्यास चक्कर येत नाही, हे या ठिकाणी सिद्ध झाले. मुकादम उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मला वेळ द्या. कपाट बघितल्याशिवाय जिना सांगू नये." या वाक्याचा अर्थ कोणालाही कळला नाही, त्यामुळे ते सर्वांना फार खोल वाटले. औषधवाल्या काकांनी ते मनगटावर लिहून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. हौदाच्या टोकाशी उड्या मारण्याचा उंच मनोरा होता, आणि त्याला चहूबाजूंनी उघडा लोखंडी जिना होता. मास्तरांनी मुकादमास मानाने सर्वांच्या पुढे घातले. तो पहिला टप्पा सहज चढला. दुसऱ्या टप्प्यास वळताना त्याने समोर पाहिले, आणि समोर काहीच नव्हते.

कपाट नव्हते. होते ते केवळ आकाश, आणि जाळीदार पायऱ्यांमधून खाली दिसणारा निळ्या फरशांचा कोरडा हौद. मुकादमाच्या तोंडचे पाणी पळाले. तो त्या पायरीवरच अडला. त्याचे दोन्ही हात आपण होऊन छातीसमोर उठले व बोटे वाकली, जणू ती काही धरू मागत होती.

"बघा, बघा!" मास्तर खालून ओरडले. "तोल कसा सांभाळायचा ते शिका! हात पुढे!"

मागून येणाऱ्या सर्वांनी हात पुढे केले. मुकादम बुटाची नाडी सुटल्याचे निमित्त करून बसतबसत खाली आला. पण तेव्हापासून ती समस्त मंडळी दोन्ही हात छातीसमोर धरून, अदृश्य बाळ कोणाच्या स्वाधीन करायला निघाल्याप्रमाणे, जिने चढू लागली.

मुकादमाने पित्ताला दोष दिला. परंतु लगेच पुढच्या कामावर त्यास एका कचेरीचे लोखंडी कपाट इमारतीच्या बाहेरच्या उघड्या जिन्याने आठव्या मजल्यावर न्यायचे होते, आणि ते त्याने मांजराच्या पावलांनी नेले. चक्कर नाही, कंप नाही. सहाव्या मजल्यावर मेहुण्याने दम खायला कपाट टेकवले. मुकादमाने सहज एक पाऊल बाजूला टाकून शहराकडे पाहिले, आणि दुसऱ्याच क्षणी त्याने त्या कपाटाला अशी मिठी मारली, की मेहुण्याला वाटले दाजींचे कोणी वारले.

"दाजी, काय झालं?"

"काही नाही. उचल."

"आत्ताच तर टेकवलं!"

"उचल म्हणतो ना!"

आठव्या मजल्यावर पोचल्यावर, दोन भिंतींच्या मधल्या सुरक्षित कोपऱ्यात बसून, मुकादमाने मेहुण्याजवळ आपले दुःख उघडे केले. मेहुणा हा मनाने निर्मळ पण विचाराने किंचित उंटावरचा शहाणा होता. त्याने सर्व ऐकून घेतले.

"मला नाही होत असं काही," तो म्हणाला.

"तू उलटा चढतोस. तुला सवय आहे खाली बघायची."

"मग तुम्ही पण उलटे चढा डोंगर."

"आणि तुझी ताई काय म्हणेल?"

"ताईला सांगून टाका की खरं काय ते."

"सांगितलं तर ती जायचीच नाही. माझ्याशिवाय जाणार नाही म्हणाली. म्हणजे मला चक्कर येते म्हणून तिचा डोंगर गेला. हे मी कुठल्या तोंडानं बघू?"

मेहुण्याने बराच वेळ डोके खाजवले. "मग कपाट न्या बरोबर," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

मुकादम हसला नाही. बुडत्याला काडीचा आधार, तद्वत त्याला हा कपाटाचा आधार दिसू लागला. काही लोक डोंगरावर काठी नेतात, काही छत्री नेतात. मनुष्याला ज्याची सवय आहे ते त्याने न्यावे, यात आक्षेपार्ह ते काय? प्रश्न उरला तो एवढाच, की तीन वाटांपैकी कोणत्या वाटेने कपाट जाईल?

दुसऱ्या सभेत मुकादमाने मास्तरांवर प्रश्नांची सरबत्ती केली. नकाशासमोर तो लाकडी पट्टी घेऊन उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असे गांभीर्य होते, की मंडळी कुजबुजायचीही थांबली.

"वळणं किती रुंद आहेत?"

"वळणं?" मास्तरांनी पत्रक चाळले. "तसं काही दिलेलं नाही."

"मोठा नग तिरपा करून वळवता येईल का?"

"नग म्हणजे?"

"समजा काही. आणि पहिल्या वाटेवर चढणारे-उतरणारे एकाच वाटेनं. मग समोरासमोर आले तर मागं कुणी सरायचं? आमच्यात भार असलेला सरत नाही."

"योग्य आहे," औषधवाले काका म्हणाले व मनगट पुढे केले.

"दुसऱ्या वाटेवर ती भिंत आहे. तिथं बाहेरून दोर सोडून ओढून घेता येईल का?"

"कुणाला?"

मुकादम अडखळला. "जड... जड असेल त्याला."

सर्वांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी पोट आत घेतले.

"मग माझं मत तिसरीकडं झुकतंय," मुकादम म्हणाला. "वळसा मोठा असला तरी टेकवायला जागा पुष्कळ दिसते. पण हात लावून बघितल्याशिवाय शब्द देणार नाही. आठवड्याभरात सांगतो."

बायको मागच्या बाकावरून पाहत होती. सभेत नवऱ्याचे ऐकून घेतले जात आहे, हे दृश्य तिला नवीन होते, आणि ते तिला सुखावह वाटले. परंतु घरी जाताना तिने विचारले, "अहो, नग कसला?"

"बोलायची पद्धत," मुकादम म्हणाला आणि भरभर चालू लागला.

कंपनीच्या गोदामात टाकून दिलेले एक पातळ फळीचे कपाट होते. दोघांनी त्याचे कप्पे काढले, मागची फळी काढली, बिजागऱ्यांना तेल दिले. उरले ते एक दार आणि त्याभोवतीची चौकट. वजनाला ते एखाद्या भरल्या पिशवीएवढेच होते, पण कपाळ टेकवले की दुनिया झाकली जाई. विमानात ते मोडून नेता यावे म्हणून मेहुण्याने खिळ्यांऐवजी स्क्रू लावले. तो मोठ्या मनाने संपूर्ण पर्वत पाठमोरा चढण्यास तयार झाला होता. "मला काय," तो म्हणाला, "मला पोचल्यावरच कळेल कुठं पोचलो ते."

गोदामाच्या उतारावर प्रयोग यशस्वी झाला. मात्र उतार म्हणजे काही आकाश नव्हे. अखेरीस एका सकाळी, बायको न्हाणीघरात असताना, मुकादमाने तिच्या पर्समधून तलावाच्या फाटकाची किल्ली काढून घेतली, व तो आणि मेहुणा कपाट घेऊन मनोऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

"उचल," मुकादम म्हणाला.

कपाट चढू लागले. पहिला टप्पा झाला. दुसरा आला, जिथे पूर्वी पाय अडले होते, तोही मागे पडला. मुकादमाच्या कपाळाला जुन्या रंगाचा ओळखीचा वास येत होता. "कोपरा सांभाळ," तो म्हणाला. "डावीकडं घे. थोडं तिरपं." त्याचा आवाज निवांत होता. वारा सुटला, लोखंड कुरकुरले, आणि तरीही मुकादम असा चढत होता, की जणू वर कोणी गृहिणी कपाटाची वाट पाहत उभी आहे.

तेवढ्यात खालून आवाज आला.

"अहो! कपाट उडी मारणार आहे का?"

कपाट जागच्या जागी थबकले.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "ताई."

"कुठंय?"

"हौदात उभी आहे. तळाला."

"काय करतेय?"

"बघतेय."

"रागानं?"

"इथून नुसतं डोकं दिसतंय. डोक्यावरून तरी रागातच वाटते."

उतरण्यास चढण्याहून बराच अधिक वेळ लागला. दोघे कपाटासह हौदाच्या काठाशी आले, तेव्हा पर्समध्ये किल्ली नाही हे पाहून मागोमाग आलेली ती उखडलेल्या फरशांच्या ढिगावर बसली होती. तिने कपाटाकडे पाहिले. कपाटाला मागची बाजू नाही हे तिला दिसले. स्क्रू दिसले. गेल्या सभेतील वळणे, तो नग, तो दोर, हे सर्व तिच्या मनात जुळून आले असावे, कारण तिने डोळे मिटून घेतले.

"हे आफ्रिकेला चाललं होतं?"

"मोडता येतं ते," मुकादम म्हणाला.

"म्हणजे मी तुमच्याबरोबर डोंगर चढायचा आणि मध्ये कपाट?"

"मध्ये नाही गं. तू शेजारून चाल."

"आणि बोलू कुणाशी? फळीशी?"

"दार उघडतं की त्याचं," मेहुणा मदतीच्या हेतूने म्हणाला.

"तू गप्प बस रे, उलट्या! जन्मभर पाठ करून चाललास म्हणून अक्कल पण मागंच राहिली." ती नवऱ्याकडे वळली. "काय झालंय ते नीट सांगा."

मुकादमाने सांगितले. मनोऱ्यावर समोर काहीच नव्हते ते सांगितले, सहाव्या मजल्यावर कपाटाला मिठी मारली ते सांगितले. बोलताना तो कपाटाची कडी उगाच वरखाली करत होता. शेवटी म्हणाला, "मोकळ्या हातानं मला चढता येत नाही. आजवर कधी मोकळ्या हातानं चढलोच नव्हतो, म्हणून माहीत नव्हतं. तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो, असतेच म्हणाले."

"म्हणून नाही सांगितलं."

हौदात तिचे बोलणे घुमत होते, तसे तिचे न बोलणेही घुमू लागले. मेहुणा कपाटाच्या आड जाऊन उभा राहिला, परंतु कपाट म्हणजे आता नुसते दार आणि चौकट, त्यामुळे तो बाजूने दोघांनाही दिसतच होता.

"तुम्ही असाल तरच जाईन म्हणाले, ते खरं," ती अखेरीस म्हणाली. "पण असायचं म्हणजे माझ्या खांद्याला खांदा लावूनच असलं पाहिजे, असं मी कुठं म्हणाले? त्या डोंगरावर असा, म्हणजे झालं. पहिला मुक्काम दाट झाडीत आहे ना? पत्रकात फोटो आहे. झाडं तुम्हाला कपाटासारखीच. तिथपर्यंत चला, आणि बसा. पुढं मी जाते."

"आणि येशील कधी?"

"तेच बघतेय." तिने पत्रक काढले. ती ते जवळच बाळगत होती, आणि घडी घातलेल्या जागी त्याला भोके पडली होती. "ह्या दोन वाटांनी गेलं तर उतरायचं भलतीकडून. तुम्ही एका बाजूला बसलेले, मी दुसऱ्या बाजूला निघालेली. तुमची तिसरी वाट नको. पहिलीच घ्यायची. ही एकच वाट अशी आहे, की जाताना तुम्हाला ठेवलं तर येताना उचलता येईल."

"मी काय सामान आहे?"

"सामान असता तर वरपर्यंत नेलं असतं."

मेहुणा हसला. मग मुकादमही हसला, आणि कपाटाचे दार आपोआप उघडले, कारण तेल जरा जास्तच झाले होते.

तिसऱ्या सभेस खोली भरून गेली होती. मुकादम उभा राहिला व त्याने सांगितले, की पहिली वाट. मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी दरम्यान बरेच वाचन केले होते.

"पण मुकादम, या वाटेनं शरीराला सवय व्हायला वेळ कमी मिळतो म्हणतात. बरेच जण वर न पोचताच परततात. तुमचाच कल तिसरीकडं होता ना?"

"होता."

"मग कारण काय? तुम्ही जाणकार आहात, तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू, पण कारण तर सांगा."

मुकादमाजवळ कारणे पुष्कळ तयार होती. लाकडी खोल्या, दारांची रुंदी, टेकवायची जागा, भाराचा मान. यांपैकी कोणतेही कारण मंडळींनी आदराने मनगटावर उतरवून घेतले असते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. परंतु मागच्या बाकावर बायको बसली होती, आणि तिच्या हातात ते भोके पडलेले पत्रक होते.

"मला उंचीची भीती वाटते," मुकादम म्हणाला. "मनोऱ्यावर माझे पाय अडले. ते हात पुढं केले होते, ते तोल सांभाळायला नाही. धरायला काही नव्हतं म्हणून. मी पहिल्या मुक्कामावर बसणार आहे. ही वर जाऊन येईल. तिला त्याच वाटेनं परत यायचंय, मला घेऊन जायला. म्हणून पहिली वाट. दुसरं काही कारण नाही."

कुठल्याशा नळातून थेंब पडत होता. कोणी हसेल म्हणून मुकादम मान खाली घालून थांबला होता.

"तिथं," तिकीट खिडकीवाल्या बाईंनी घसा साफ केला, "तिथं अजून एका माणसाला बसता येईल का?"

"माझ्या गुडघ्याचं मी कुणाला बोललो नव्हतो," औषधवाले काका म्हणाले.

"काका, तुम्हीच तर मला ओढत होता!" त्यांचा जावई उसळला. "मला मुळात थंडी सोसत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हो म्हणालो."

"मी पण तुला वाईट वाटेल म्हणूनच हो म्हणालो!"

यानंतर धरणाचा दरवाजा उघडावा तसे झाले. एकाला धाप लागत असे, एकाला दगडधोंड्यांवरून चालवत नसे. एक बाई तर केवळ शेजारीण जाते म्हणून जात होत्या, आणि ती शेजारीण त्यांच्यासाठी जात होती. प्रत्येकजण उठून पहिल्या मुक्कामावर आपली जागा सांगू लागला. सर्वांत शेवटी मास्तर नकाशाजवळ सरकले, त्यांनी त्या लाकडी खोल्यांवर बोट ठेवले, आणि कोणाकडेही न पाहता म्हणाले, "एका खोलीत माणसं किती मावतात, ते विचारून घ्यायला हवं."

"अहो मास्तर," टॉवेल धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मग वर कोण जाणार?"

बायकोने हात वर केला. मावशींनी इकडेतिकडे पाहिले, आणि "एकटीला कशी पाठवायची बाई" असे पुटपुटत त्यांनीही केला.

अशा प्रकारे वाट निश्चित झाली. सभा उठली तेव्हा पहिल्या मुक्कामावर कोणी पत्ते आणायचे, कोणी उशा आणायच्या, याचा उत्साही खल चालला होता. पर्वत चढण्याच्या गोष्टी इतके दिवस चालल्या होत्या, पण इतका आनंद त्या खोलीत प्रथमच दिसत होता.

परतताना मुकादम रस्त्यातला एक खडा पायाने लोटत चालला होता. बायकोला वाटले, चारचौघांत कबुली दिल्याची लाज वाटत असेल. तिने ती तशी राहू दिली. बाजाराचे वळण मागे पडले तेव्हा तो एकदम म्हणाला,

"एवढी सगळी माणसं तिथं बसणार?"

"म्हणतायत तर खरं."

"पत्ते खेळत?"

"काकांनी तर आत्ताच भिडू ठरवलेत."

"मी तुझी वाट बघणार होतो. शांतपणे. त्या गर्दीत कसली वाट बघतो?" त्याच्या आवाजात खरोखरीचा रोष होता. "माझी जागा होती ती."

बायकोने आपली चाल थोडी संथ केली.

"दुसऱ्या मुक्कामापर्यंत झाडी आहे का गं?"

"नाही. तिथं मोकळं आहे."

"मोकळं म्हणजे किती?"

तिने पत्रक उघडून त्याच्यासमोर धरले. मुकादमाने डोळे बारीक करून पाहिले. तिथे आकाशच आकाश होते, आणि त्याखाली पिवळट गवत. तो रस्त्यातच उभा राहिला. मागून येणारी माणसे त्यांना वळसा घालून जाऊ लागली. त्याचे हात किंचित उठले, पण पत्रक धरायला बायको होतीच, म्हणून ते पुन्हा खाली गेले.

"हे काय आहे?" त्याने गवतातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवले.

"झाड असेल."

"एकच आहे."

"एकच दिसतंय खरं."

मुकादमाने त्या ठिपक्याकडे आणखी निरखून पाहिले, जिना पाहावा तसे, वळण, कोपरा, टेकायची जागा.

"तिथपर्यंत येतो," तो म्हणाला.